सेऊलची लीग, मुंबईचा संघ : ई-स्पोर्ट्सचा हंगाम चालतो कसा आणि आपल्याकडच्या गेमरने त्यातून काय घ्यायचं?

कुरुंदवाड : २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत शिरोळ तालुक्यातल्या या छोट्या शहराचं नाव तीनदा गाजलं. गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या तिघांनी वेटलिफ्टिंगमध्ये ब्राँझपदकं मिळवली. खेळात वर जायचं तर जिम लागते, वस्ताद लागतो, खुराक लागतो आणि वर्षानुवर्षं तोच तोच सराव लागतो, हे या गावाला वेगळं सांगावं लागत नाही.

पण घरातला मुलगा मोबाईल आडवा धरून ‘मला ई-स्पोर्ट्समध्ये करिअर करायचंय’ म्हणाला की आई-वडील गोंधळतात. या खेळाची जिम कुठे असते? वस्ताद कोण? पगार कोण देतं? आणि जाहिरातीत दिसणाऱ्या पैशांच्या गेमपेक्षा हे वेगळं कसं?

या प्रश्नांची उत्तरं शोधायला दक्षिण कोरियाकडे पाहावं लागतं. ई-स्पोर्ट्सला लीग, पगार, करार आणि नियम यांची चौकट सगळ्यात आधी तिथे मिळाली. विशेष म्हणजे कोरियाची राजधानी सेऊलमध्ये भरणाऱ्या एका मोठ्या लीगमध्ये मुंबईचा संघही खेळला आहे. त्या संघाचा २०२३ चा पहिला हंगाम समजून घेतला की या व्यवसायाचं बरंचसं गणित उलगडतं.

ही लीग नेमकी कोणती?

तिचं नाव व्हीसीटी पॅसिफिक. ‘व्हॅलोरंट’ या कॉम्प्युटर गेमची ही व्यावसायिक लीग आहे. हा गेम अमेरिकेच्या रायट गेम्स या कंपनीने जून २०२० मध्ये बाजारात आणला. २०२३ पासून कंपनीने जगाचे तीन भाग पाडून तीन लीग सुरू केल्या. अमेरिका खंडाची लीग लॉस एंजेलिसमध्ये, युरोप आणि आसपासच्या देशांची बर्लिनमध्ये आणि आशिया-पॅसिफिकची सेऊलमध्ये. प्रत्येक लीगमध्ये १० म्हणजे एकूण ३० संघ निवडले गेले.

सेऊलच्या लीगमध्ये कोरियाचे तीन संघ होते : डीआरएक्स, टी-वन आणि जेनजी. जपानचे दोन : झीटा डिव्हिजन आणि डेटोनेशन फोकसमी. सिंगापूरचा पेपर रेक्स, इंडोनेशियाचा आरआरक्यू, फिलिपिन्सचा टीम सीक्रेट, थायलंडचं प्रतिनिधित्व करणारा टॅलोन आणि भारताचा ग्लोबल ई-स्पोर्ट्स.

ग्लोबल ई-स्पोर्ट्स ही मुंबईची संस्था. डॉ. रुशिंद्र सिन्हा आणि मोहित इसरानी यांनी ती २०१७ मध्ये सुरू केली. सप्टेंबर २०२२ मध्ये रायटने निवडलेल्या संघांची यादी जाहीर केली तेव्हा त्यात दक्षिण आशियातला हा एकमेव संघ होता.

आयपीएलमध्ये संघ विकत घेण्यासाठी बोली लागते. इथे तसं नव्हतं. संघांकडून प्रवेशशुल्क न घेता अर्ज मागवून निवड झाली. संस्था आर्थिकदृष्ट्या टिकेल का, तिचा चाहतावर्ग किती, खेळाडूंना ती कशी वागवते, या गोष्टी पाहिल्या गेल्या. निवडलेल्या संघांना उलट कंपनीकडूनच ठरावीक आर्थिक मदत मिळते.

खेळायचं काय असतं?

एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला पाच. एक संघ हल्ला करतो. ठरलेल्या जागी ‘स्पाइक’ नावाचा बॉम्बसारखा संच लावून तो फुटेपर्यंत राखायचा, हे त्याचं काम. दुसरा संघ बचाव करतो. १२ फेऱ्यांनंतर बाजू बदलते. जो आधी १३ फेऱ्या जिंकेल, तो नकाशा त्याचा. १२-१२ अशी बरोबरी झाली तर दोन फेऱ्यांची आघाडी मिळेपर्यंत खेळ चालतो.

नुसता नेम धरून भागत नाही. प्रत्येक फेरीत मिळणाऱ्या गेममधल्या पैशांतून पुढच्या फेरीची बंदूक घ्यायची असते. आता खर्च करायचा की एक फेरी सोडून पुढच्यासाठी साठवायचा, हे पाचही जणांनी मिळून ठरवायचं. प्रत्येक खेळाडूच्या पात्राला वेगळी कौशल्यं असतात. कोणी धुराचा पडदा उभा करतो, कोणी भिंत घालतो, कोणी समोरच्याचा माग काढतो. कबड्डीत चढाईपटू आणि कोपरारक्षक यांची कामं जशी वाटून दिलेली असतात, तसाच हा प्रकार.

म्हणूनच या संघांसोबत प्रशिक्षक आणि विश्लेषक असतात. प्रतिस्पर्धी कोणत्या नकाशावर कुठून घुसतो, पहिल्या ३० सेकंदांत काय करतो, हे जुने सामने पाहून टिपून ठेवणं हे विश्लेषकाचं काम.

२०२३ चा हंगाम कसा झाला?

वर्षाची सुरुवात ब्राझीलमधल्या साओ पावलो इथल्या स्पर्धेने झाली. तिन्ही लीगचे ३० आणि चीनचे दोन असे ३२ संघ तिथे उतरले. ४ मार्च २०२३ रोजी युरोपच्या लीगमधल्या फनाटिक संघाने ती जिंकली.

त्यानंतर २५ मार्चला सेऊलची लीग सुरू झाली. सामने शहराच्या सांगाम भागातल्या खास उभारलेल्या जागेत प्रेक्षकांसमोर होत. प्रत्येक संघाने उरलेल्या नऊ संघांशी एकेकदा खेळायचं. प्रत्येक सामना तीन नकाशांचा, दोन जिंकेल तो विजयी. म्हणजे साखळी फेरीत एका संघाच्या वाट्याला फक्त नऊ सामने.

आकडा लहान वाटतो, आणि खरी गोम तिथेच आहे. नऊपैकी दोन सामने थोडक्यात गेले तरी वर्षाची दिशा बदलते. साखळीतले पहिले सहा संघ बाद फेरीत जाणार आणि त्यातले पहिले तीन जूनमधल्या टोकियो मास्टर्सला व ऑगस्टमधल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेला पात्र ठरणार, अशी रचना होती.

ती तिकिटं पेपर रेक्स, डीआरएक्स आणि टी-वन यांना मिळाली. २८ मे रोजी झालेल्या अंतिम सामन्यात पेपर रेक्सने डीआरएक्सला ३-२ असं हरवलं. कोरियाच्या भूमीवर कोरियाच्या संघाला हरवून सिंगापूरचा संघ आशिया-पॅसिफिकचा पहिला विजेता ठरला. मुंबईचा संघ पहिल्या तिघांत नव्हता.

उरलेल्या संघांसाठी नंतर ‘शेवटच्या संधी’ची पात्रता फेरी झाली. तिथून एकच जागा होती आणि ती जपानच्या झीटा डिव्हिजनने पटकावली. पुढे २६ ऑगस्टला लॉस एंजेलिसमधल्या जागतिक अंतिम सामन्यात अमेरिकेच्या इव्हिल जीनियसेसने पेपर रेक्सला ३-१ ने नमवलं.

जागतिक स्पर्धेला पात्र न ठरलेल्या संघांसाठी लीगचं वर्ष तोवर संपलेलं असतं. मग सुरू होतो करारांचा मोसम. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, नवा कोण आणायचा, हे हिवाळ्यापूर्वी ठरतं. व्यावसायिक खेळाडूचं आयुष्य अशा एकेका हंगामाच्या करारावर चालतं.

संघ मुंबईचा, मग खेळाडू कुठले?

अनेकांना हा मुद्दा खटकतो. २०२३ च्या संघात गणेश गंगाधर म्हणजे ‘स्करॉसी’ आणि अभिरूप पॉल चौधरी म्हणजे ‘लाइटनिंगफास्ट’ हे दोन भारतीय होते. बाकीच्यांमध्ये कोरियन, इंडोनेशियन आणि अमेरिकी खेळाडू होते.

लीगचे नियम दुसऱ्या देशांतले खेळाडू घ्यायला परवानगी देतात. भारतात या पातळीवर खेळलेले खेळाडू तेव्हा मोजकेच होते. संघाला पहिल्याच वर्षी टिकायचं होतं. त्यामुळे अनुभवी परदेशी खेळाडू आणि निवडक भारतीय अशी सांगड घालण्यात आली. पाच जणांनी सेकंदाच्या आत एकमेकांना सूचना द्यायच्या असतात आणि प्रत्येकाची मातृभाषा वेगळी, ही अशा संघांची पहिली अडचण. भाषा जुळवण्यातच सरावाचे कितीतरी तास जातात.

याच संघातला कोरियन खेळाडू ‘टेक्स्चर’ पुढच्या वर्षी सेऊलच्या जेनजी संघात गेला. त्या जेनजीने जून २०२४ मध्ये शांघाय मास्टर्स जिंकली. आशिया-पॅसिफिकच्या लीगमधल्या संघाने आंतरराष्ट्रीय व्हॅलोरंट स्पर्धा जिंकण्याची ती पहिलीच वेळ. म्हणजे मुंबईच्या जर्सीत एक हंगाम घालवलेला खेळाडू वर्षभरात जगज्जेत्यांच्या रांगेत उभा राहिला. खेळाडूमध्ये गुणवत्ता होती, पण ती फुलायला योग्य चमू आणि व्यवस्था मिळावी लागली.

सगळ्यांना सेऊलला का जावं लागतं? घरून ऑनलाइन का नाही?

याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. गेममध्ये बटण दाबलं की तो संदेश सर्व्हरपर्यंत जातो आणि उत्तर परत येतं. या फेरीला लागणारा वेळ म्हणजे ‘पिंग’. तो मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात.

ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सेऊल सरळ रेषेत सुमारे साडेपाच हजार किलोमीटर. म्हणजे जायला साडेसत्तावीस आणि यायला साडेसत्तावीस असे कमीत कमी ५५ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नाहीत, वाटेत अनेक यंत्रणा लागतात. त्यामुळे खरा आकडा याहून बराच जास्त निघतो.

व्हॅलोरंटचा सर्व्हर एका सेकंदात १२८ वेळा खेळाची स्थिती तपासतो. म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदाला एकदा. ५५ मिलिसेकंदांच्या उशिरात सर्व्हरच्या सात नोंदी होऊन जातात. कोपऱ्यावरून आधी कोण दिसला आणि गोळी आधी कोणी झाडली, याचा निकाल तेवढ्यात लागलेला असतो. एक संघ सेऊलहून आणि दुसरा मुंबईहून खेळला तर ती स्पर्धा समान राहत नाही. म्हणून लीग एका शहरात, एका छताखाली भरवतात आणि परदेशी संघ हंगामभर तिथेच मुक्काम करतात.

कुरुंदवाडहून मुंबईचा सर्व्हर सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. अंतराचा विचार केला तर जाऊन-येऊन साडेतीन मिलिसेकंदही पुरतात. तरी खेळताना पिंग ६०-७० दिसतो, कारण वेळ खातात ती मोबाईल टॉवरवरची गर्दी, घरातलं वायफाय आणि राउटर. सराव गंभीरपणे करायचा असेल तर महागड्या हेडफोनआधी फायबरचं कनेक्शन आणि वायफायऐवजी थेट वायर, हा खर्च जास्त उपयोगी पडतो.

नेटवर्कवर इतकं अवलंबून राहण्याचा धोका कोरियालाही चुकलेला नाही. ‘लीग ऑफ लेजंड्स’ या गेमची कोरियन लीग एलसीके म्हणून ओळखली जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्यावर डीडॉस प्रकारचा सायबर हल्ला झाला. एकाच वेळी असंख्य ठिकाणांहून निरर्थक मागण्या पाठवून यंत्रणा तुंबवायची, असा हा हल्ला. सामने पुन:पुन्हा थांबवावे लागले, एक सामना अर्ध्यावर पुढे ढकलावा लागला आणि काही काळ प्रेक्षकांविना सामने खेळवून नंतर त्यांचं रेकॉर्डिंग दाखवावं लागलं.

कोरियातच हे सगळं का उभं राहिलं?

१९९७-९८ च्या आर्थिक संकटानंतर कोरियाने ब्रॉडबँडचं जाळं वेगाने पसरवलं. त्याच काळात ‘पीसी बांग’ म्हणजे तासावर पैसे घेणारी गेमिंग सेंटर गल्लोगल्ली उघडली. १९९८ मध्ये ‘स्टारक्राफ्ट’ हा गेम आला आणि या सेंटरमध्ये स्पर्धा सुरू झाल्या. २००० मध्ये कोरियन ई-स्पोर्ट्स संघटना स्थापन झाली. टीव्हीवर फक्त गेमिंग दाखवणारी वाहिनी आली. एसके टेलिकॉम, केटी, सॅमसंग अशा बड्या कंपन्यांनी संघ पाळले.

कोल्हापूरकरांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, मल्लांच्या खुराकाची सोय केली आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. मल्ल आधीही होते. मैदान, आश्रय आणि नियमित कुस्त्या मिळाल्यावर कोल्हापूर कुस्तीची पंढरी झालं. कोरियात राजाश्रयाची जागा कंपन्यांनी घेतली आणि मैदानाची जागा स्टुडिओने.

आजच्या एलसीकेचं मूळ २०१२ मध्ये सुरू झालेल्या स्पर्धेत आहे. २०२१ मध्ये ती १० कायमस्वरूपी संघांची लीग झाली. त्याच वेळी मुख्य संघातल्या खेळाडूचं किमान वार्षिक वेतन २ कोटी वॉनवरून ६ कोटी वॉन करण्यात आलं. तेव्हाच्या दराने ही रक्कम ३५ ते ४० लाख रुपयांच्या घरात जाते. मोठ्या खेळाडूची कमाई याच्या कितीतरी पट असते, पण नवख्या खेळाडूसाठी महत्त्वाची असते ती ही किमान रक्कम. सामना हरला तरी महिना भागतो.

या लीगचा सगळ्यात मोठा तारा ली सांग-ह्योक म्हणजे ‘फेकर’. २०१३ मध्ये पदार्पण केलेला हा खेळाडू आजवर एकाच संघाकडून, टी-वनकडून खेळला आणि २०१३, २०१५, २०१६, २०२३, २०२४ व २०२५ अशी सहा जागतिक विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत.

तिथे सगळंच गोड आहे का?

नाही. मुलं रात्रभर गेम खेळतात, ही तक्रार कोरियातही होती. नोव्हेंबर २०११ पासून तिथे १६ वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री १२ ते सकाळी ६ या वेळेत ऑनलाइन गेम बंद करणारा कायदा लागू झाला. मुलं मोबाईलवर वळल्यावर तो कालबाह्य ठरला आणि २०२२ च्या सुरुवातीपासून रद्द झाला. मुलांच्या वेळेचं नियोजन पुन्हा पालकांकडे आलं.

२०१० मध्ये स्टारक्राफ्टच्या नामवंत खेळाडूंनी सट्टेबाजांशी संगनमत करून सामने हरल्याचं उघड झालं. खेळाडूंवर कायमची बंदी आली आणि प्रायोजकांचा विश्वास डळमळला. सट्टा शिरला की खेळ पोखरला जातो, हा धडा कोरियाने महागात घेतला.

तिसरी गोष्ट वयाची. बहुतेकांचं करिअर विशी-पंचविशीत संपतं. कोरियन पुरुषांना सक्तीची लष्करी सेवा असते, ती नेमकी याच वयात येते. आशियाई सुवर्णपदक मिळवलं तर त्यातून सूट मिळते. म्हणून २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ‘लीग ऑफ लेजंड्स’चं सुवर्ण जिंकलं तेव्हा तो कोरियन संघासाठी पदकापलीकडचा प्रसंग होता. त्याच स्पर्धेत भारताचा संघ उपांत्यपूर्व फेरीत व्हिएतनामकडून हरला.

भारतात काय परिस्थिती आहे?

आपल्याकडे ई-स्पोर्ट्स मोबाईलवर वाढला. पबजी मोबाईलच्या काळात मुंबईचा नमन माथूर म्हणजे ‘मॉर्टल’ घराघरात पोचला. त्याचा टीम सोल हा संघ २०१९ मध्ये बर्लिनच्या जागतिक अंतिम फेरीपर्यंत गेला.

पण पाया डळमळीत होता. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने पबजीसह ११८ अॅपवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये कोरियाच्याच क्राफ्टन कंपनीने भारतासाठी बीजीएमआय आणला आणि त्याच वर्षी १ कोटी रुपयांच्या बक्षिसांची स्पर्धा घेतली. जुलै २०२२ मध्ये तोही प्ले स्टोअरवरून गायब झाला. मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या तात्पुरत्या परवानगीवर परतला. परतताना १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास आणि मोठ्यांना सहा तास अशी मर्यादा आली.

कुस्तीवर किंवा वेटलिफ्टिंगवर अशी एका रात्रीत बंदी येत नाही. ई-स्पोर्ट्समध्ये मात्र मैदान, चेंडू आणि नियमपुस्तक, तिन्ही एका खासगी कंपनीच्या मालकीचं असतं. कंपनी अडचणीत आली किंवा सरकारने अॅप बंद केलं तर खेळाडूचं कौशल्य शाबूत राहून खेळच नाहीसा होतो. करिअरचा विचार करताना हा धोका आधी मोजायला हवा.

विश्वासार्हतेचा प्रश्नही आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायमधल्या एका स्पर्धेत भारतीय संघातला खेळाडू नेम आपोआप धरणारं सॉफ्टवेअर वापरताना सापडला आणि संपूर्ण संघ बाद झाला. एकाच्या लबाडीने बाकीच्या चौघांचं वर्ष वाया गेलं.

कायदा काय सांगतो?

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग मानून क्रीडा मंत्रालयाकडे सोपवलं. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचं प्रोत्साहन आणि नियमन करणारा कायदा संसदेने केला. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली.

या कायद्याने तीन कप्पे पाडले.

• ई-स्पोर्ट्स : निकाल खेळाडूच्या कौशल्यावर, चपळाईवर आणि डावपेचांवर ठरतो. नोंदणीशुल्क आणि कामगिरीवर आधारित बक्षीस चालतं. पैज लावणं चालत नाही.

• सोशल गेम : करमणूक किंवा शिक्षणासाठीचे साधे गेम.

• पैशांचे गेम : जिंकण्याच्या आशेने खेळणारा स्वतःचे पैसे लावतो. यावर बंदी. असा गेम पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड.

घरात एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे : पैसा कुठून कुठे जातो? सेऊलच्या लीगमध्ये कंपनी आणि प्रायोजक संघाला पैसे देतात, संघ खेळाडूला पगार देतो. खेळाडू हरला तर त्याच्या खिशातून काही जात नाही. ज्या गेममध्ये हरल्यावर मुलाच्या किंवा वडिलांच्या खात्यातून पैसे जातात, तो ई-स्पोर्ट्स नव्हे.

मग कुरुंदवाडच्या मुलाला वाट आहे का?

आहे, पण अरुंद आहे. व्हॅलोरंटच्या रँकच्या नऊ पायऱ्या आहेत : आयर्नपासून रेडियंटपर्यंत. रेडियंटमध्ये त्या विभागातले फक्त पहिले ५०० खेळाडू बसतात. या पाचशेतही संघाचा करार मिळणारे थोडेच असतात. त्याखाली देशोदेशीच्या चॅलेंजर्स लीग आहेत. तिथून वर यायला ‘असेन्शन’ ही बढती स्पर्धा होती. पॅसिफिकची २०२३ ची असेन्शन सिंगापूरच्या ब्लीड संघाने जिंकली आणि तो वरच्या लीगमध्ये दाखल झाला.

शिवाय सेऊलची लीग कॉम्प्युटरवर खेळली जाते. मोबाईलवर तयार झालेला हात तिथे थेट चालत नाही. अंगठ्यांऐवजी मनगट आणि माऊसचा खेळ असतो. मोबाईलवर खेळणाऱ्यासाठी बीजीएमआयसारख्या गेमच्या अधिकृत स्पर्धा ही वेगळी वाट आहे. दोन्हींची गल्लत करून घरी कर्ज काढून गेमिंग कॉम्प्युटर आणण्यात अर्थ नाही.

पालकांनी आणि मुलांनी काही साधे प्रश्न विचारून पाहावेत. गेममधला रँक देशात कितवा आहे? गेल्या सहा महिन्यांत तो वर गेला का? स्पर्धा गेमच्या कंपनीची अधिकृत आहे की कुणी समाजमाध्यमावर ग्रुप काढून ‘एन्ट्री फी’ गोळा करतंय? करार लेखी आहे का, पगार किती महिन्यांचा, बक्षिसातला वाटा किती, संघ सोडायचा झाला तर दंड किती? खेळाडू १८ वर्षांखालचा असेल तर सही पालकांनी करायची, तीही वाचून. ‘आधी एवढे भरा, मग संघात घेतो’ असं कोणी म्हणालं तर तिथूनच परत फिरावं.

मुलाचा ओढा खरा असेल तर खेळाडू होण्यापलीकडची कामंही आहेत. सेऊलच्या स्टुडिओत पडद्यावर दहा खेळाडू दिसतात. त्यांच्यामागे समालोचक, प्रसारणाचे तंत्रज्ञ, नेटवर्क सांभाळणारे अभियंते, आकडेवारीचे विश्लेषक, ग्राफिक्स करणारे, भाषांतर करणारे आणि फिजिओ असतात. ही कामं पंचविशीत संपत नाहीत, आणि त्यांच्यासाठी दहावी-बारावी, डिप्लोमा किंवा पदवी लागतेच. भाषा हाही गुण आहे. मराठीत उत्तम समालोचन करणाऱ्याला आपल्या भागातला मोठा प्रेक्षक मिळू शकतो.

ग्लासगोला गेलेल्या तिघांच्या मागे वर्षांची मेहनत होती, आणि त्यासोबत वजनं होती, मार्गदर्शक होता, जिल्हा-राज्य-राष्ट्रीय अशी पायऱ्यांची शिडी होती. ई-स्पोर्ट्सच्या शिडीला तालुका-जिल्ह्याच्या पायऱ्या अजून नाहीत. मुलगा घरातून थेट देशाशी स्पर्धा करतो आणि मधे कोणी वस्ताद भेटत नाही. मुंबईच्या संघाला सेऊलमध्ये परदेशी खेळाडू का घ्यावे लागले, याचं मूळही इथेच आहे. २०२६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जपानच्या आइची-नागोया आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सची पदकं पुन्हा पणाला लागतील. शाळा-कॉलेजच्या पातळीवर नियमांत बांधलेल्या, फुकट, वेळेची मर्यादा पाळणाऱ्या स्पर्धा सुरू झाल्या तर त्या पदकांच्या शर्यतीत गावाकडची नावं यायला वाट मिळेल. तोवर घरात दोन नियम पुरेत : अभ्यास सुटू द्यायचा नाही आणि खेळण्यासाठी खिशातून पैसे लावायचे नाहीत.